पाळणा एक, कामं सहा?

प्रश्न : ताई, आमची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. वारज्यात वन बीएचके, त्यामुळे जागेची चणचण. नवऱ्याने ऑनलाइन एक फर्निचर पसंत केलंय. पाळणा, झुलती खुर्ची, बाउन्सर (बाळाची हिंदकळणारी तिरपी खुर्ची), जम्पर (स्प्रिंगवर उड्या मारायचं आसन), वॉकर आणि पुढे लिहायचं टेबल, असं सगळं एकात. किंमत 17,000 रुपये. बाळाचा व्यायाम होतो, ते शांत होतं आणि त्यातच झोपतंही, असं जाहिरातीत म्हटलंय. सासूबाई म्हणतात, ‘आमची पोरं गोधडीवर वाढली, त्यांचं काय अडलं?’ दोघांच्या कात्रीत मी सापडलेय. घ्यावं का? (एक आई, वारजे)

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. गोधडीकडे येतेच, पण पहिल्यांदा त्या सहा कामांचं बघू.

रूप बदलणाऱ्या या वस्तूंमध्ये दोन जाती आहेत आणि दुकानात त्या एकाच नावाखाली खपवल्या जातात. एक जात वर्षावर्षाने बदलते. आज पाळणा, दोन वर्षांनी एका बाजूचा कठडा काढला की छोटा पलंग, पुढे त्याच लाकडाचं टेबल. ही चांगली. बदलायचं तेव्हा एखाद्या रविवारी पाना घेऊन बसायचं, बोल्ट आवळायचे, विषय संपला. दुसरी जात दिवसातून चारदा बदलते. सकाळी खुर्ची, दुपारी झोका, रात्री बिछाना, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक प्लॅस्टिकचा खटका. तुमच्या नवऱ्याने पाहिलेली वस्तू मला या दुसऱ्या जातीची दिसते. खटक्यांवर माझा राग आहेच, पण त्याआधी मला अडतं ते झोपेपाशी.

बाळाला बसवायचं, झुलवायचं आसन खोलगट आणि तिरपं असतं, नाहीतर ते त्यात टिकणारच नाही. झोपायला मात्र सपाट आणि टणक जागा लागते. एकाच कापडी झोळण्याकडून ही दोन्ही कामं कशी होणार? साडेतीन महिन्यांच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान अजून कच्ची. तिरप्या आसनात डोळा लागला की डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीवर टेकते आणि आधीच अरुंद असलेला श्वासाचा मार्ग आणखी दबतो. मोठा माणूस ठसका लागून उठेल. एवढ्या लहान बाळाला ते जमेलच असं नाही, आणि बऱ्याचदा आवाजही होत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून पाहणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलंय.

अमेरिकेत 2019 साली एका मोठ्या कंपनीला अशी तिरपी झोपवण्याची जवळपास 47 लाख आसनं परत मागवावी लागली, कारण त्यांत बाळं दगावल्याच्या तक्रारी साचल्या होत्या. त्यानंतर 2022 मध्ये तिथे कायदाच झाला. ज्या बिछान्याचा उतार 10 अंशांहून जास्त, तो तान्ह्या बाळाच्या झोपेसाठी विकायचा नाही. आपल्याकडे ऑनलाइन काहीही मिळतं, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. मोबाइलमध्ये उतार मोजायची सोय असते. फोन गादीवर ठेवला की अंश दिसतात. दुकानात मी हे करते तेव्हा विक्रेते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

आता तुम्ही म्हणाल, खुर्चीत झोपलेली पोर उचलली की भोकाड पसरते, मग काय करायचं? जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. रडणाऱ्या बाळाला उराशी धरून पाच मिनिटं सलग चालायचं, मध्ये थांबायचं नाही, गप्पा मारत रेंगाळायचं नाही. बाळ झोपलं तरी लगेच खाली ठेवायचं नाही. पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन स्वस्थ बसायचं आणि मग ठेवायचं. त्यांच्या नोंदींत बाळाला जाग यायची ती त्याचं अंग आईपासून सुटतानाच. गादीला पाठ टेकेपर्यंतही वाट पाहावी लागत नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हे सांगते. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण फुकटचा उपाय आहे आणि हॉलपासून बाल्कनीपर्यंतच्या येरझाऱ्यांत वन बीएचकेही पुरतो.

जाहिरातीतला दुसरा शब्द व्यायाम. तिथे मी सासूबाईंच्या बाजूची.

जम्परमध्ये ठेवलेल्या बाळाचे पाय जवळ जाऊन बघा. सगळे त्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढत असतात, पायांकडे कोणी बघत नाही. टाचा हवेत, अंगठे आणि चवडे जमिनीला जेमतेम टेकलेले, गुडघे ताठ. दोन मांड्यांच्या मधून गेलेल्या अरुंद पट्ट्यावर सगळा भार. बाळ उड्या मारतंय असं वाटतं, पण निम्मं काम स्प्रिंग करते आणि बाळ शिकतं ते चवड्यांनी ढकलायला. उभं राहायला पोटाचे, पाठीचे आणि कमरेचे स्नायू लागतात. ते तिथे आरामात लोंबकळत असतात. माझ्याकडे सात-आठ महिन्यांची अशी मुलं येतात की जमिनीवर उभी धरली तरी टाच खाली टेकवत नाहीत. बहुतेकांचं दुखणं वगैरे काही नसतं, दिवसातले तास त्या पट्ट्यात जातात एवढंच. जम्पर बंद केला की टाच उतरते.

खरा व्यायाम पालथं पडण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवावं, आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. माझं स्वतःचं माप त्याहून कडक आहे. खुर्चीत, बाउन्सरमध्ये एका बैठकीला 15 ते 20 मिनिटं, बस.

पालथं कसं घालायचं तेही सांगते, कारण ‘ती रडते हो’ म्हणून पहिल्या मिनिटालाच सोडून देणारे फार. फरशीवर सतरंजी, वर चौपदरी गोधडी. पलंगावर नको, स्प्रिंगच्या गादीवर तर नकोच. पोट भरल्यावर लगेच नाही, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास होऊ द्या. पंच्याची बारीक वळकटी करून छातीखाली ठेवा, काखेच्या रेषेत, म्हणजे दोन्ही कोपरं वळकटीच्या पुढे येतात. मग तुम्हीही समोर पालथ्या पडा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती डोकं उचलेल, कपाळाला आठ्या पडतील, चेहरा लाल होईल, दोन सेकंद तुमच्याकडे बघेल आणि धप्पकन नाक गोधडीत. हे सगळं ठीक. पुन्हा उचलेल. कंटाळली की कुशीवर वळवा, पाठीवर या, थोड्या वेळाने परत. सुरुवात एक-दोन मिनिटांची आणि दिवसातून पाच-सहा वेळा. तुम्ही मागे रेलून तिला छातीवर घेतलंत तरी ते मोजायचं. एकच अट, ती जागी हवी आणि समोर जागं माणूस हवं. झोपवताना मात्र दर वेळी पाठीवर.

मग 17,000 रुपयांचं काय? त्या पैशात वर्षावर्षाने बदलणारा साधा लाकडी पाळणा-पलंग बघा. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या बाजूला माप देऊन बनवून देणारे सुतार आहेत. कठड्याच्या दोन दांड्यांत 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. गादी टणक, आणि गादी व कठड्याच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. खालीवर सरकणारा कठडा कोणी सुचवला तर नाही म्हणा. ते प्रकरण अमेरिकेत 2011 पासून बंद आहे. आत उशी, लोड, कठड्याला बांधायच्या मऊ पट्ट्या, टेडी, काही नाही. बाळंतविड्यात आलेली मोहरीची उशीसुद्धा नाही. डोकं गोल राहतं ते बाळाची कूस आणि डोक्याची दिशा बदलत राहण्याने आणि जागेपणी पालथं पडण्याने.

दिवसा हात मोकळे हवेत, पोळ्या करायच्या आहेत, तर एक साधा, बुडाशी रुंद, पट्टा असलेला बाउन्सर वेगळा घ्या. तो कायम जमिनीवर ठेवायचा. ओट्यावर, टेबलावर, पलंगावर कधीच नाही. बाळाच्या लाथांनी तो सरकतो.

आणि नवऱ्याने ते सहा कामांचं मागवूनच टाकलं असेल, तर निदान ते वेगवेगळ्या कामांना वापरू नका. एक रूप ठरवा, खटका बसल्याचा आवाज ऐका, मग दोन्ही हातांनी जोर लावून तो मुद्दाम उघडायचा प्रयत्न करा. उघडला तर त्याच दिवशी परत पाठवा, खोकं फेकू नका.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळचा सागवानी पाळणा आहे, पितळी कड्यांचा. पणतीचं बारसं त्यातच करायचं असं घरात ठरलंय. सून म्हणते जुना आहे, धोक्याचा. रंग देऊन घेतला तर चालेल ना? (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : बारसं त्यातच करा आजोबा, खुशाल. बारा दिवसांची पणती, भोवती चार बायका पाळणा म्हणतायत, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. त्यात कसला धोका? सूनबाईंची शंका रोजच्या झोपेबद्दल असेल तर मात्र तिचं बरोबर आहे.

रंग देऊ नका, त्याआधी जुना बघा. सागवानावर नुसतं तेल किंवा पॉलिश असेल तर नशीब. मध्ये कोणी हिरवा, लाल ऑइलपेंट लावला असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. दात येताना मुलं कठडाच चावतात. हा रंग घरात घासून काढू नका, धूळ उडते आणि तीच जास्त वाईट. सुताराकडे न्या, आणि नवीन काय लावणार ते आधी विचारा.

मग टेप घेऊन दांड्यांमधली फट मोजा. जुन्या पाळण्यांत ती हमखास 6 सेंटिमीटरच्या वर जाते, नक्षीच्या कमानी असल्या तर फारच. कड्यांमध्ये बोट घालून आतली बाजू चाचपा. पितळ वर्षानुवर्षं घासून तिथे पातळ होतं, वरून चकचकीत दिसतं. उघड्या तोंडाचे आकडे असतील तर बोहरी आळीतून बंद तोंडाचे, स्क्रूने आवळायचे आणा. चिमणाळं (पाळण्यावर टांगायचं खेळणं) टांगा, पण दोरी आखूड ठेवा आणि पणती हातांवर उठू लागली की काढून टाका, साधारण पाचव्या महिन्यात. पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या घरांतल्या गाद्यांना खालून बुरशी धरते. गादी आठवड्यातून एकदा उभी करून ठेवा.

प्रश्न : वॉकरने मूल लवकर चालतं का? आणि पांगुळगाडा म्हणजे तोच ना? (एक मावशी, चिंचवड)

उत्तर : लवकर चालत नाही, काहींचं उशिरा होतं. आणि पांगुळगाडा म्हणजे तो नव्हे. पांगुळगाड्यात मूल आपल्या पायांवर उभं राहून तीन चाकांचा गाडा ढकलतं, तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा असतो. वॉकरमध्ये ते बसलेलं असतं आणि सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापतं. तुम्ही ‘अगं’ म्हणेपर्यंत जिन्यापाशी, नाहीतर चहाच्या कपापाशी. कॅनडाने 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी घातली आहे. आपल्याकडे ते बारशाला भेट म्हणून येतात! आले तर दुकानात बदलून लाकडी पांगुळगाडा घ्या, आणि मूल धरून उभं राहू लागलं की मगच द्या. चाकं गुळगुळीत फरशीवर पळतात, त्यांना रबराची पट्टी मारा किंवा खालच्या दांडीवर थोडं वजन ठेवा.

प्रश्न : आईच्या जुन्या साडीची झोळी, वर स्प्रिंग. बाळ दुसरीकडे झोपतच नाही. (एक वडील, हडपसर)

उत्तर : साडीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, म्हणजे पुन्हा तोच हनुवटीचा प्रश्न. झोळी शांत करायला वापरा, रात्रीच्या झोपेला नको. आत आडवी काठी घालून साडी रुंद करा, झोळी जमिनीपासून फूटभरापेक्षा उंच नको, खाली गोधडी. स्प्रिंगमधून एक सैल पण जाड दोर ओवून वरच्या हुकला बांधा, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी झोळी दोरावर थांबेल. झोका आडवा द्यायचा, वरखाली हिसके नाहीत. बाळ पालथं पडायला लागलं त्या दिवशी झोळी सोडा. मोठ्या भावंडांनी तिच्याशी खेळता कामा नये, लोंबणारी साडी गळ्याभोवती अडकते, म्हणून दिवसा रिकामी झाली की गाठ मारून वर टांगा.