पेवात धान्य भरण्याआधी

आधी धान्याची ओल तपासा, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) खणायचं नंतर. कोरड्या बाटलीत धान्य आणि कोरडं मीठ घालून चांगलं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. अजून ऊन द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे.

पेव उंचवट्यावर घ्या. तळाला, भिंतींना पेंढ्याचा जाड थर, धान्य तोंडापर्यंत, वरून मातीचा लेप. दाण्यांच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो आणि किडे गुदमरतात. भिंतीलगतचा थर बुरसतो, तो फेकूनच द्या. उघडल्यावर लगेच आत मात्र अजिबात उतरू नका, कर्बवायूने जीव जातो.

पीठ साठवू नका. दळल्यावर अंकुरातलं तेल हवेला लागून खवट होतं. दाणेच ठेवा, लागेल तेवढंच दळा.