अंगणातल्या लाकडाच्या ढलप्यांत उगवलेल्या छत्र्या खाता येतील का?

तुम्ही लिहिलंय की सिएटलला घरामागे झाडांच्या बुंध्याशी लाकडाच्या ढलप्या पसरल्या होत्या, ऑक्टोबरचा पाऊस लागला आणि त्यांत तपकिरी छत्र्यांचे झुबके आले. आणि रत्नागिरीहून आलेल्या तुमच्या आई म्हणतायत, "ही तर आपली अळंबी." नाही, खाऊ नका. नुसत्या फोटोवरून तर मुळीच नाही.

आईंची पारख कोकणात बरोबरच असणार. पण तिथली पावसाळी अळंबी वारुळावर येते. ती बुरशी वाळवीच वारुळात पोसते, आणि अशी बुरशी पिकवणारी वाळवी फक्त आफ्रिका आणि आशियात सापडते. सिएटलच्या अंगणात ती अळंबी उगवायचीच नाही. तिच्यासारखी दिसणारी जी काही असेल ती दुसरीच.

तुमचे फोटो बघून मला धास्ती वाटते ती गॅलेरिना मार्जिनाटा या विषारी छत्रीची. ढलप्यांवर ती सर्रास येते. मधाच्या रंगाची लहानशी टोपी, दांड्यावर नाजूक कडं (तेही कधी कधी गळून गेलेलं). ओली असताना टोपी गडद असते, वाळायला लागली की मधोमध फिकट पडते आणि कड तशीच गडद राहते. तुमच्या दुसऱ्या फोटोत नेमकं तसंच दिसतंय. हिच्यात डेथ कॅप या जीवघेण्या छत्रीतलंच विष असतं, अमाटॉक्सिन. शिजवून किंवा सुकवून ते जात नाही. खाल्ल्यावर ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब, मग थोडं बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं.

ढलप्यांत वाइन कॅप नावाची खाण्याजोगी छत्रीही येते, लोक ती मुद्दाम लावतात. कोवळेपणी टोपी लालसर, खालच्या पट्ट्या करड्या-जांभळ्या, आणि दांड्यावरचं जाड कडं खालून दातेरी चाकासारखं. शिवाय नशेसाठी शोधल्या जाणाऱ्या, दाबल्यावर निळ्या पडणाऱ्या सायलोसायबीही इथल्या ढलप्यांत असतात. त्यांच्याच झुबक्यात गॅलेरिना मिसळलेली सापडते, म्हणजे एक ओळखली म्हणून शेजारची तीच असेल असं नाही.

घरी करून बघण्यासारखं एक आहे. टोपी कापून पट्ट्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर पेला पालथा घाला, रात्रभर राहू द्या. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटतो. गंजासारखा तपकिरी आला तर ती गॅलेरिना असू शकते, खाण्याचा विषयच संपला. जांभळट काळा आला तर ती गॅलेरिना नव्हे एवढंच कळतं, खायला परवानगी मिळत नाही.

नक्की नाव हवं असेल तर दोन-तीन छत्र्या बुडख्यासकट खणून कागदी पिशवीत घाला (प्लॅस्टिकमध्ये लगदा होतो) आणि सिएटलच्या प्युजेट साउंड मायकोलॉजिकल सोसायटीच्या जाणकारांना दाखवा.

नुसता हात लागल्याने विषबाधा होत नाही. पण पोराने तोंडात घातलीच तर उलटीची वाट न बघता पॉयझन कंट्रोलला (विषबाधेसाठीची अमेरिकेतली हेल्पलाइन) १-८००-२२२-१२२२ वर फोन करा आणि उरलेला तुकडा जपून ठेवा.

ढलप्या काढून फेकू नका, ही बुरशी मेलेलं लाकूड कुजवते, जिवंत झाडांना तिचा त्रास नाही. घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर रोज सकाळी दंताळं फिरवून छत्र्या गोळा करा आणि कचऱ्यात टाका.