एक्स-रेत हाडात काळा डाग दिसला, म्हणजे कॅन्सरच का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या तुमच्या १४ वर्षांच्या भाच्याचा गुडघा खेळताना मुरगळला आणि एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी 'लायटिक लिजन' निघालं. हा कॅन्सर आहे का, आणि लगेच बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी) करायची का, असं तुम्ही विचारलंय.

लायटिक म्हणजे तिथलं हाड विरघळलंय, एवढंच. फिल्म समोर आली की मी डागाच्या आकाराआधी त्याची कडा बघते. टोकदार पेन्सिलने गिरवल्यासारखी पांढरी रेघ भोवती असेल तर गाठ सावकाश वाढतेय. हाडाला कुंपण घालायला वेळ मिळालाय. या वयात, गुडघ्याजवळ, हाडाच्या एका बाजूच्या कवचाला चिकटून असलेली, कप्प्याकप्प्यांची अशी जागा बहुतेक वेळा नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, असते. वाढीच्या वयानंतर ती आपोआप भरून येते. तिला सुई लावायचीच नाही.

डाग कुठे संपतो हे बोटाने दाखवताच येत नसेल, तर मात्र थांबू नका. मग हाडाच्या बाहेर बघायचं. हाडावरचं आवरण उचललं जाऊन झालेला त्रिकोण किंवा सूर्यकिरणांसारख्या रेघा दिसल्या तर ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरचा संशय येतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरचा. पण असेच थर हाडातल्या जंतुसंसर्गातही दिसतात, म्हणून एकट्या खुणेवर शिक्का मारता येत नाही. रात्री झोपमोड करणारं दुखणं आणि वाढत जाणारी सूज आहे का, हेही विचारा.

एक्स-रे न बघता थेट एमआरआय वाचणं ही नेहमीची चूक. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या कॅन्सर नसलेल्या छोट्या गाठीचा गाभा जेमतेम दीड सेंटिमीटरचा, पण एमआरआयवर भोवतीची सूज एवढी पसरलेली दिसते की वाचणारा घाबरतो. तिथे पातळ कापांचा सीटी स्कॅन कामाला येतो.

संशय खरा वाटला तर एमआरआय फक्त गुडघ्याचा नको, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या हाडाचा हवा, कारण त्याच हाडात वर दुसरी लहान गाठ असू शकते. तोही बायोप्सीच्या आधी. सुईमुळे रक्त साकळलं की चित्र बिघडतं. आणि बायोप्सी जवळच्या नर्सिंग होममध्ये उरकू नका. जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार, त्याच्याच सल्ल्याने ती व्हावी. सुईची वाटसुद्धा नंतर गाठीसोबत काढावी लागते. ती चुकीच्या जागेतून गेली तर पाय वाचवणं अवघड होतं. ठाण्याहून परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल लांब नाही.

जाताना समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेंच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत नेमकी ती कडाच पुसट होते.