एकच चेनरिंग ठेवायची तर पुढे किती दात, मागे किती?

तुमचा प्रश्न असा: राहता नेरुळला, ११ स्पीडची (मागे ११ चक्रं असलेली) रोडबाइक आहे, पुढे पेडलजवळच्या दोन दातेरी चक्रांना, म्हणजे चेनरिंगना, ५० आणि ३४ दात, आणि मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाला, म्हणजे कॅसेटला, ११ ते ३२ (११-३२). आता पुढे एकच चेनरिंग हवी आहे. दुकानदार म्हणतो ४६ लावा, मागची कॅसेट आहे तीच राहू द्या. रोज पाम बीच रोड, रविवारी पारसिक हिलचा चढ. जमेल का?

४६ लावू नका. मी ठाण्याचा. मलाही एका दुकानात हाच सल्ला मिळाला होता आणि मी तो ऐकला. घोडबंदर रोडला सकाळी सायकल मस्त पळायची. मग उपवनाकडून येऊर चढायला घेतलं. मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन आणूनही पेडल खाली जाईना. उभं राहून अंगाचा सगळा भार टाकायचा, पेडल कसंबसं फिरायचं, परत तेच. असे काही रविवार काढले आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली जे दुखायला लागलं ते दोन महिने गेलं नाही.

हिशोब सोपा आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरतं. रोडबाइकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. ४६-३२ वर गुणोत्तर १.४४, म्हणजे पेडलच्या एका फेरीला तीन मीटर. चढावर ताशी ९ किमीने जात असाल तर मिनिटाला जेमतेम ५० फेऱ्या होतात, आणि तेवढ्या कमी फेऱ्यांत सगळा जोर गुडघ्यावर येतो. आज तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४-३२ आहे, गुणोत्तर १.०६. पुढे ४२ आणि मागे ११-४० घेतली की सगळ्यात हलका गिअर १.०५ होतो. म्हणजे पारसिकवर पायाला फरकच कळणार नाही. त्याच ९ च्या वेगाला ६८ फेऱ्या. नेरळहून माथेरानचा चढ मनात असेल तर ४० आणि ११-४२ घ्या.

वरच्या वेगाची काळजी सोडा. ४२-११ वर मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी ४३ किमी मिळतात. त्याहून जास्त वेग उतारावरच लागतो, आणि तिथे पेडल न मारताही सायकल धावतेच.

खरी किंमत मोजावी लागते ती मधे. ११-४० मध्ये १५ नंतर थेट १७ येतं. ९० फेऱ्यांना एकावर ताशी ३२, दुसऱ्यावर २८. मधलं १६ नाही. पाम बीचवर खाडीकडून वारा आला की तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. एकटे चालवत असाल तर सवय होते. रोज ग्रुपमध्ये, पुढच्याच्या चाकाला चिकटून जात असाल तर वेग बारीक जुळवावा लागतो, तेव्हा माझं स्पष्ट मत, दोन चेनरिंगच ठेवा.

सामानाचं बोलायचं तर सध्याचा मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ४० दात घेणार नाही. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे गिअर बदलायचे लिव्हर, शिमानोचे ११ स्पीडचे, केबलवाले असतील तर जीआरएक्स आरएक्स८१२ हा डिरेल्युअर जुळतो. त्याला चेन ताणून धरणारा क्लच आहे, खड्ड्यांत चेन उडत नाही. चेनरिंग नॅरो-वाइड (एक दात अरुंद, एक रुंद) घ्या. चेन नवी, लांब लागेल. आणि शिमानोची माउंटन बाइकची ११-४० कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिमीची चकती टाकावी लागते, नाहीतर कॅसेट हलत राहते. हे मेकॅनिकला आधीच सांगा.

पैसे घालण्याआधी या रविवारी एक करून बघा. पुढे ३४, मागे २५ वर चेन ठेवा आणि गिअर न बदलता पारसिक चढा. हा १.३६ चा गिअर आहे, म्हणजे दुकानदार सांगतोय त्या ४६-३२ पेक्षा हलकाच. वर पोचल्यावर गुडघे काय म्हणतात ते बघा आणि मग दुकानात जा.