आधी बंद गिरणीची जमीन, मग शेत

इंदूरच्या कडेला सुपर कॉरिडॉर रस्त्याकडे एवढी मोकळी जमीन असताना हुकुमचंद कापड मिलच्या पडीक आवारात नवी वसाहत कशाला? (रामबाग)

तुम्ही जिला मोकळी म्हणता, ती माळव्याची काळी माती आहे. सोयाबीन निघालं की गहू, असं दुबार पीक देणारी. तिथे एकदा पाया खणला की ते शेत पुन्हा होत नाही. शिवाय आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावं लागतं. शहर पसरेल तसा नळ लांबतो, गटार लांबतं, बसचा फेराही. मिलची ४२ एकर जमीन तर ऐन गावात आहे.

माझे सासरे रंगखात्यात होते. तिथली माती विषारी नसेल ना? (परदेशीपुरा)

असू शकते, आणि याची खात्री करून घेतल्याशिवाय एकही वीट लागू नये. सासऱ्यांसारख्या माणसांना आवारात नेऊन विचारायला हवं: रंगाचं पाणी कुठून वाहायचं, तेलाची पिंपं कुठे असायची? तिथेच माती तपासायला खड्डे घ्यायचे. वर दोन वीत काळी माती, खाली निळसर पट्टा, ढेकूळ फोडलं की तेलाचा वास, अशी माती मी हातात घेतली आहे. पण वास येत नाही म्हणून माती निर्धोक ठरत नाही. शिसं आणि क्रोमियम प्रयोगशाळेतच कळतं. दूषित थर उचलायचा किंवा पक्का झाकायचा. छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत. देवगुराडियाच्या कचरा डेपोतला लाखो टन जुना कचरा उपसणाऱ्या शहराला हे अवघड नाही.

आणि झाडं? (नाव नाही)

मिल १९९१ मध्ये बंद पडली. तेव्हापासून तिथे रान माजलं आहे, कागदावर मात्र जमीन रिकामी. आधी झाडं मोजा आणि आराखडा त्यांच्या मधून काढा. इमारती जुन्या शेडच्या जोत्यांवर बसवा. तेवढ्या जागेत घरं कमी बसली तर कमी बसू द्या.

गरिबाला तिथे घर मिळेल का? (मालवा मिल)

नियमात लिहिलं तरच. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये तो हिशेब फक्त रिकाम्या तुकड्यापुरता उरला आणि लोकांचे वाटे आक्रसले. इथे कामगारांची थकबाकी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. कित्येकजण तोवर गेले. म्हणून परवडणाऱ्या घरांचा आकडा पहिल्याच निविदेत हवा, आणि ती घरं आधी बांधून झाल्याशिवाय दुकानांना परवानगी नको.