फॅशन शोमधून मदतनिधी : हिशेब आधी, रोषणाई नंतर

प्रश्न : मुलांच्या रुग्णालयासाठी निधी उभारण्याच्या हेतूने आमचे मंडळ फॅशन शो करण्याच्या विचारात आहे. काही सभासदांच्या मते अशा कार्यक्रमांत खर्चच इतका होतो की लोकांकडे सरळ देणगी मागितलेली बरी. आपले मत काय?

उत्तर : आपल्या सभासदांची शंका रास्त आहे. सभागृहाचे भाडे, ध्वनी आणि प्रकाशयोजना, रॅम्पची उभारणी, रंगभूषा, केशभूषा हे सारे तिकीटविक्रीतून भागवायचे ठरवले, तर रुग्णालयाच्या हाती फारसे काही पडत नाही. ब्रिटनमध्ये फॅशन शोमधून मदतनिधी उभारणाऱ्या ‘फॅशन फॉर रिलीफ’ या संस्थेची तेथील चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, चौकशी केली, तेव्हा एप्रिल 2016 ते जुलै 2022 या काळातील तिच्या एकूण खर्चापैकी जेमतेम 8.5 टक्के रक्कम धर्मादाय अनुदानांसाठी खर्च झाल्याचे 2024 च्या अहवालात नमूद झाले.

तरीही हा मार्ग मुळातच चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, नोव्हेंबर 1914 मध्ये, ‘व्होग’ मासिकाच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये झालेला ‘फॅशन फेट’ हा युद्धग्रस्त स्त्रिया व मुलांच्या मदतीसाठीच होता. त्याहून शिकण्यासारखे उदाहरण ‘एबनी’ या अमेरिकन मासिकाच्या ‘एबनी फॅशन फेअर’चे आहे. न्यू ऑर्लिन्समधील एका रुग्णालयाच्या मदतीसाठी 1958 मध्ये सुरू झालेला हा उपक्रम 2009 पर्यंत अमेरिकेतील गावोगावी फिरला आणि त्यातून 5 कोटी डॉलरांहून अधिक निधी उभा राहिला. याचे गमक त्याच्या रचनेत होते. कपडे आणि मॉडेल घेऊन येणारा चमू एकच असे, तिकिटे खपवण्याचे काम स्थानिक संस्था करीत व त्यांच्या कार्यांना त्यातून पैसा मिळे, आणि तिकिटातच मासिकाची वर्गणी अंतर्भूत असल्यामुळे आयोजक मासिकालाही नवे वर्गणीदार लाभत. प्रत्येकाचा स्वार्थ असा उघडपणे सामावून घेतलेला असला की उपक्रम टिकतो, असे मला वाटते. केवळ सदिच्छेवर तो पन्नास वर्षे चालला नसता.

आपण काटकसर करायची ती नेपथ्यात करावी. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याच्या डागडुजीसाठी 28 नोव्हेंबर 1973 रोजी तेथे पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचे सादरीकरण झाले. फ्रेंचांनी भव्य देखावे आणि वाद्यवृंद आणला होता, तर अमेरिकनांचा रंगमंच जवळजवळ रिकामा होता. तरी प्रेक्षकांनी अमेरिकनांनाच अधिक डोक्यावर घेतले. मॉडेल म्हणून व्यावसायिकांऐवजी मंडळाच्या परिचयातील माणसे घ्यावीत, कारण रॅम्पवर चालणाऱ्या प्रत्येकामागे तिकीट घेणारे आप्त आणि मित्र असतात. कपडे डिझायनरांकडून उसने घ्यावेत, परंतु घेताना व परत करताना प्रत्येक कपड्याची नोंद करावी. एखादा डाग किंवा उसवलेली शिवण यावरून संबंध बिघडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवश्यक खर्चाइतके प्रायोजक मिळाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. तिकिटावर ‘सर्व नफा रुग्णालयाला’ असे छापणे टाळावे, कारण खर्च फुगला तर नफा शून्यावर येतो आणि छापलेले वचन तरीही खोटे ठरत नाही. त्याऐवजी प्रत्येक तिकिटातील किती रक्कम रुग्णालयाला जाईल हे आधीच ठरवून छापावे, रुग्णालयाची लेखी संमती घ्यावी आणि कार्यक्रमानंतर जमाखर्च सर्वांपुढे ठेवावा. हे शक्य दिसत नसेल, तर सरळ देणगी मागणेच बरे.

प्रश्न : ज्या मुलांसाठी निधी जमवायचा, त्यांनाच रॅम्पवर आणले तर लोक अधिक देतील का?

उत्तर : कदाचित देतीलही, पण मी तसे करणार नाही. प्रौढ व्यक्ती आपणहून येत असेल तर गोष्ट वेगळी. उपचार घेणारे मूल आणि रुग्णालयाच्या उपकाराखाली असलेले त्याचे पालक यांना नकार देणे सोपे नसते. कुणाला स्वतः भाग घ्यायचाच असेल, तर छायाचित्रे कोठे वापरली जातील हे आधी सांगावे आणि ऐन वेळी माघार घेण्याची मुभा ठेवावी.