शेवाळापासून डिझेल काढायचा धंदा २० गुंठ्यांत परवडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळ २० गुंठे रान पडून आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे आणि शेवाळातून एकरी हजारो लिटर तेल निघतं असा व्हिडिओ बघितलाय. डिझेल काढावं, की शेवाळापासून दुसरं काही?

डिझेलच्या नादाला लागू नका. खाण्याच्या शेवाळाचा, म्हणजे स्पिरुलिनाचा विचार करता येईल, पण आधी छोट्या हौदात. मी चिकोडी भागात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि घरच्या परड्यात स्पिरुलिनाचा हौद आहे, त्या जोरावर लिहितोय.

ते हजारो लिटर कुठून आले? २००७ मध्ये युसुफ चिस्ती या शास्त्रज्ञाने एका शोधनिबंधात हिशेब मांडला होता: शेवाळात ३० टक्के तेल धरलं तर हेक्टरी वर्षाला ५८,७०० लिटर. पण तो बंद पारदर्शक नळ्यांमधल्या वाढीवर बेतलेला आहे. उघड्या हौदात चौरस मीटरला रोज १० ग्रॅम सुकं शेवाळ मिळालं तरी चांगलं म्हणायचं. तुमच्या २० गुंठ्यांत बांध, वाट, शेड सोडून १,००० चौरस मीटर पाणी धरू. रोज १० किलो सुकं शेवाळ, त्यात २० टक्के तेल, म्हणजे २ किलो. सव्वादोन लिटरसुद्धा नीट भरत नाही, आणि तेही अजून शेवाळाच्या पोटातच.

ते बाहेर काढण्यातच सगळं गणित फसतं. उसाच्या रसात शंभर किलोमागे पंधरा-वीस किलो घन माल असतो, तरी गुऱ्हाळात काहील आटवायला किती चिपाड जळतं ते तुम्ही बघितलं असेल. शेवाळाच्या हौदात हजार लिटर पाण्यात सुका माल अर्धा ते एक किलो. यंत्रात घुसळून घट्ट केलेल्या लगद्यातही शंभरात ८० भाग पाणीच राहतं. म्हणजे एक किलो सुक्या शेवाळासाठी चार किलो पाणी उडवायचं, त्याला साडेनऊ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता. त्या किलोतून मिळणारं २०० ग्रॅम तेल जाळलं तर उष्णता मिळणार साडेसात मेगाज्यूल. नुसतं वाळवण्यातच तोटा. ऊन फुकट आहे हे खरं, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठलं?

पुढे पेशीची भिंत फोडायची. शेंगदाण्यासारखं घाण्यात घालून तेल निघत नाही. तेल विरघळवून काढणारं हेक्झेन नावाचं रसायन लागतं, आणि ते पेट्रोलसारखं पेट घेतं. मग तेलाचं बायोडिझेल करायला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. हे घरच्या शेडमध्ये करायचं काम नाही, कृपा करून करू नका. जास्त तेल भरावं म्हणून शेवाळाला नायट्रोजन कमी देतात, तेल वाढतं, पण वाढ मंदावते. ही अडचण निसर्गाचीच आहे. अमेरिकी सरकारने १९७८ ते १९९६ यावर संशोधन चालवलं आणि शेवटी खनिज तेलाच्या भावाशी जमत नाही असंच निघालं. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा करून हात घातला, तीही आता बाहेर पडली आहे. विहिरीच्या कडेला वाढतं ते तंतूंचं शेवाळ तर सोडूनच द्या, त्यात तेल फारच थोडं. उन्हाळ्यात गावतळ्यावर येणारी निळसर हिरवी साय विषारीही असू शकते. ती जनावरांना घालू नका.

आता स्पिरुलिना. तेल जेमतेम ६-७ टक्के, पण सुक्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतात, आणि या लांब वेटोळ्यांमुळेच ती साध्या दाट विणीच्या कापडातून गाळता येते. महागडं यंत्र लागत नाही. पाण्यात खाण्याचा सोडा घालून सामू (पीएच) ९ ते १०च्या वर ठेवायचा. इतक्या खारट-सोड्याच्या पाण्यात दुसरे जीव फारसे टिकत नाहीत, म्हणून उघड्या हौदातही पीक शुद्ध राहतं. सकाळी गाळून, धुऊन, पिळून शेवयांसारखं पाडायचं आणि त्याच दिवशी वाळवायचं. संध्याकाळपर्यंत ओलं राहिलं तर कुजका वास सुटतो आणि तो माल टाकूनच द्यावा लागतो.

पण १,००० चौरस मीटरवर वीतभर पाणी म्हणजे दोन लाख लिटर, आणि लिटरला ८ ग्रॅम धरला तरी पहिल्या भरणीलाच १,६०० किलो सोडा. म्हणून आधी तीन बाय दोन मीटरचा ताडपत्रीचा हौद करा. त्याला दहा किलो सोडा पुरतो आणि रोज ५० ग्रॅमच्या आसपास सुका माल मिळतो. थंडीत वाढ मंदावते, पावसात वरून झाकण हवंच. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत हे खानापूरपेक्षा सोपं जातं, निपाणी मधे पडते.

खरी अडचण विक्रीची. खाण्यासाठी विकायचं तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना लागतो. बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलतो, असं सांगणाऱ्यांना तर मुळीच पैसे देऊ नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या याच पद्धतीत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आणि ‘शाकाहारी बी-१२’ म्हणून गिऱ्हाइकाला विकू नका. स्पिरुलिनातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही.

व्हिडिओत ओमेगा-३ चं नाव आलं असेल. माशांच्या तेलातलं डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चाच एक प्रकार, मुळात शेवाळवर्गी जीवांकडूनच येतं, आणि लहान बाळांच्या दूधपावडरीत घालायचं डीएचए बंद टाक्यांत, अंधारात, साखरेवर वाढवलेल्या अशाच जीवांपासून काढतात. साखर आपल्या भागात भरपूर, पण निर्जंतुक टाक्या शेतकऱ्याच्या आवाक्यातल्या नाहीत. माझं म्हणणं असं की मोठ्या प्रमाणावरचं शेवाळ हा डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्यांचा विषय आहे. एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड तिथे आयता निघतो, एक किलो शेवाळाला सुमारे १.८ किलो लागतो, आणि वाळवायला वाया जाणारी वाफही तिथेच असते. सीमाभागात इतके कारखाने असताना यावर एकत्र बसून काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दारात जनावरं असतील तर स्पिरुलिनाऐवजी तसल्याच हौदात, सोडा न घालता, अझोला करा. ती नेचेवर्गातली वनस्पती, पण तिच्या पानांत नायट्रोजन धरणारं निळं-हिरवं शेवाळ राहतं. विकायची कटकट नाही, वैरणीत थेट वापर. बैलहोंगल भागातल्या मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात याबद्दल विचारा.

स्पिरुलिनाच करायची असेल तर सोडा आणायच्या आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. पाणी जड असेल तर सोड्याबरोबर चुना तळाला बसतो, खतातलं फॉस्फेटही त्यातच अडकतं आणि हौद पिवळा पडतो. तपासणीचे आकडे इथे टाकलेत तर भरणी किती करायची ते सांगतो.